वरचे अक्षर

अकोला, तारीख २० नोव्हेंबर सन १८६४

राजमान्य जानराव यांस खुशालरावाचा सलाम. मी सुखरूप आहे, आणि तुम्हीही सगळे तसेच असाल असे धरून लिहितो.

तुमचे पत्र दिवाळीआधी निघाले आणि दिवाळीनंतर पोचले. डाकेचा हरकाराही आता कापसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकतो, त्याला मी बोल लावत नाही. तिकडे अमेरिकेत लढाई आहे आणि तिथला कापूस विलायतेस जात नाही तोवर इकडे अकोल्यात माणसाला चालायला रस्ता मिळायचा नाही. कापूस ओट्यावर, कापूस पारावर, कापूस माणसांच्या नाकात. पोरे शाळेत शिंकत बसतात. ज्याच्या घरी परवापर्यंत ज्वारीचे कणगे होते त्याच्या घरी आता घड्याळ आहे. वेळ पाहता येत नाही, पण घड्याळ आहे. ज्वारी मात्र कोणीच पेरली नाही, तेव्हा पुढल्या साली हे लोक घड्याळ खाणार की काय, कोण जाणे.

माझे काम तेच, शेठजींच्या वखारीत गाठींवर मार्का उठवायचा. पत्र्यात अक्षर कोरलेले असते. पत्रा गाठीवर धरायचा आणि वरून काळा रंग फासायचा. शेठजींचा मार्का म्हणजे एक मोठे ‘श्री’ आणि त्याखाली आकडा. दिवसाला तीनशे गाठी होतात. विलायतेतला गिरणीवाला ते अक्षर पाहून काय समजत असेल, याचा विचार करत माझा दिवस जातो.

रविवारी आम्ही अकराजण प्रार्थनेला जमतो. पाद्रीसाहेबांच्या मते माझ्या मृदंगाला देवळाचा वास येतो. मी म्हणालो, कातडे बकऱ्याचे आहे, आणि बकऱ्याचा धर्म मी विचारलेला नाही. साहेब हसले. पण मडमसाहेबांच्या विलायती बाजाशेजारी मृदंगाला काही जागा झाली नाही, मी दाराशी बसून वाजवतो. माझे मत विचाराल तर गाणे हे मांडी घालून म्हणायचे असते. उभ्याने म्हटले की गळा कवायत करू लागतो. मी या धर्मात वाद करून आलो नाही, गाणे ऐकून आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते गाणेच उभ्याने म्हणावे लागले तर मनाला लागते.

आता मुख्य गोष्ट. बाप्तिस्मा घेतला त्याला तीन वर्षे होतील. तानू आणि शकुन तुमच्या घरी आहेत, तुम्ही बहिणीला आणि भाचीला अंतर दिले नाही, हे उपकार मी बोलून दाखवत नाही. वखारीमागे दोन खणांचे घर रिकामे होणार आहे. ते मिळाले की दोघींनी इकडे यावे एवढीच माझी इच्छा राहिली आहे. तानूच्या कानावर हळूच घाला. आणि शकुनला विचारा, बोल आठवतात का? पालथी निजायची आणि मी तिच्या पाठीवर ‘धा दिं ता किट’ वाजवायचो. समेवर नेमकी हसायची. चार वर्षांची होती.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमचा
खुशालराव

---

श्री

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ११ शके १७८६

राजश्री खुशालराव यांस जानराव याचा नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम एकादशीपर्यंत जाणून आपले लिहीत जावे.

नमस्कार लिहिला म्हणून बिचकू नका. जातीने तुमच्या हातचे पाणी बंद केले आहे, शाई बंद केलेली नाही. तरीही पत्र आले की मी वांग्यांच्या टोपलीखाली घालून घरात नेतो. पंचांना कळले तर मलाही पंक्तीतून उठवतील. आपल्या टाळमृदंगाच्या जोडीतला मृदंग गेला आणि टाळ तेवढा मळ्यात पाणी देत उरला, असे सगळे मला चिडवतात. माझ्या मळ्याच्या चारी बाजूंना कपाशी झाली आहे. भाजी लावणारा मी एकटा वेडा, आणि यंदा भाजीला सोन्याचा भाव. वेडे असण्यात कधीकधी फायदा असतो.

शकुन बरी आहे. बोल आठवत नाहीत म्हणाली, पण थोड्या वेळाने घागरीवर तेच वाजवत बसली होती.

तानूला घराचे सांगितले. त्या दिवशी तिने भाकरी दोनदा करपवली. ती येईल असे मला वाटते. जातीने तुम्हाला मेलेले धरून तुमच्या नावाने मडके फोडले तेव्हा जातीच्या बायका तिचे कुंकू पुसायला आल्या होत्या. तेव्हा ती काय म्हणाली ते तुम्हाला कधी कळवले नव्हते. दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, “मडकं फुटलं, मानूस नाई फुटला.” बायका परत गेल्या. तीन वर्षे तिने ते कुंकू एकटीने राखले आहे.

आता एक चोरी कबूल करतो. तुम्ही ख्रिस्ती झालात तेव्हापासून तुमच्या पत्रावर श्री नसते. तुमच्या मनाला ते पटत असेल. पण आपल्याकडे श्री नसलेले पत्र कशाचे असते ते तुम्ही विसरलात की काय? असे पत्र म्हणजे मयताची खबर, ते आले की आधी डोक्यावरून पाणी घ्यायचे आणि कागद फाडून टाकायचा, घरात ठेवायचा नाही. तानूला वाचता येत नाही, बालबोध नाही की मोडी नाही. तिला एकच अक्षर येते, आणि ते तुम्हीच शिकवलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी हार गुंफताना झेंडूच्या पाकळ्या मांडून तुम्ही तिला श्री काढून दाखवले होते. पुढची अक्षरे राहिली ती राहिलीच. म्हणून तुमचे पत्र आले की आधी मी आपल्या बोरूने वर श्री काढतो, आणि मग तिला वाचून दाखवतो. वाचून झाले की ती कागद हातात घेते, वरच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि करंड्याखाली ठेवते. मागच्या खेपेस म्हणाली, “देव सोडला त्याईनं, पन श्री नाई सोडलं. मंग मी काहून कुकू सोडू?”

तेव्हा मेहुणेबुवा, परक्याच्या गाठींवर दिवसाला तीनशे श्री उठवता, त्यातले एक घरच्या पत्रावर पडले तर तुमचे पाद्रीसाहेब काही दंड करणार नाहीत. मला चोरीतून सोडवा.

पौषात मी गाड्या घेऊन वर्धा नदीच्या पुलाच्या कामावर जाईन. मजुरांच्या छावणीला भाजी पुरवायची आहे, महिना तरी लागेल. तोवर पत्र घालू नका, घरात वाचणारे कोणी नाही.

ममता जशी आहे तशीच ओली असू द्यावी, हे विनंती.

जानराव

---

अकोला, तारीख २४ डिसेंबर सन १८६४

राजमान्य जानराव यांस सलाम.

उद्या नाताळ. आज मनात राग ठेवू नये असे आम्हाला शिकवले आहे, म्हणून तो कागदावर काढतो. तुम्ही माझ्या पत्रावर माझ्या नावाने खोटे लिहिलेत, एकदा नव्हे, तीन वर्षे. मला वाटत होते की तानू मला आहे तसा ओळखून वाट पाहते आहे. आता कळते की ती वाट पाहते ती तुमच्या बोरूने काढलेल्या माणसाची.

तुम्ही गाठींचा टोमणा मारलात, तो बसला. कबूल करतो. पण गाठीवरचे श्री शेठजींचे असते, मी नुसता रंग फासतो. रंगाऱ्याला कोणी विचारत नाही की तुझा देव कोणता. पत्र मात्र माझे असते. त्यावर मी जे हाताने लिहीन ते माझ्या तोंडचे. जे मी सोडले ते बायकोला खूश ठेवायला पुन्हा धरले, तर उद्या ती इथे आल्यावर मी कोणत्या तोंडाने तिच्यासमोर बसू? मडके माझ्या नावाचे फुटले, सख्ख्या भावाने माझे ताट बाहेर काढले. एवढे सोसले ते का एका अक्षरासाठी मागे फिरायला?

हट्टी म्हणाल तर म्हणा. बाप म्हणून, नवरा म्हणून माझ्याजवळ दुसरे आहे काय? शेत नाही, भावकी नाही. खरे बोलतो एवढेच आहे.

तेव्हा यापुढे माझ्या कागदाला तुमचा बोरू लावू नका, शपथ घालतो. घर नक्की झाले की मी तानूला तिच्याच नावाने पत्र घालीन. तुम्ही गावी नसताना घालू नका म्हणता, त्यातला डाव मला कळतो. तुम्ही यावे, बोरू यावा, आणि मग तानूने पत्र पाहावे. नको. शाळेचे पंतोजी आहेत, त्यांच्याकडून ती वाचून घेईल. एकदा माझे पत्र तिच्या हातात माझ्यासारखेच उघडे पडू दे.

मृदंगाच्या कातड्यावरची शाई उडाली होती, ती नवीन घालून घेतली. उद्या दाराशी बसून वाजवीन. तुमचा टाळ असता तर बरे झाले असते, हे रागातही लिहितो.

राग माझा, माया तुमची. दोन्ही सांभाळून घ्यावी.

खुशालराव

---

अकोला, तारीख २५ जानेवारी सन १८६५

राजमान्य जानराव यांस सलाम.

तुम्ही पुलाच्या कामावरून परत आला असाल असे धरून लिहितो. घर मिळाले. तानूला तिच्या नावाने दहा तारखेलाच पत्र घातले आहे. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. मी समजू शकतो, एकदम कशी हो म्हणेल? बाईमाणसाला माहेरातून पाय काढायला वेळ लागतो.

मी मात्र तयारीला लागलो आहे. भिंतींना पांढरी माती दिली. चूल दोनदा घातली, पहिली धूर घरात सोडत होती. शकुनसाठी आढ्याला दोर बांधून झोका केला आहे, आणि तो मला पेलतो का ते पाहायला स्वतः बसलो तर शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाद्रीसाहेब म्हणाले की कुटुंब आले म्हणजे तुमचा मृदंग आत घेऊ. याचा अर्थ काय, हे मला कळले नाही, पण आनंद झाला.

गेल्या पत्रात फार कडक लिहिले. विसरून जा. तानू काय म्हणते तेवढे एका ओळीत लिहा.

उत्तराची वाट पाहणाऱ्यावर दया असावी.

खुशालराव

---

श्री

अमरावती, माघ शुद्ध १० शके १७८६

राजश्री खुशालराव यांस जानराव याचा नमस्कार. वर श्री आहे ते आधी पाहून घ्या. कोणी गेलेले नाही.

मी परवा छावणीतून घरी आलो. ओसरीवर तानू बसली होती. हात मोकळे, कपाळ मोकळे, गळ्यातली पोत काढलेली. मला क्षणभर वाटले की तुम्हीच गेलात आणि मला वाटेत कळले नाही. मग पार्बताने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळे सांगितले.

तुमचे पत्र पौषात आले. डाकेच्या शिपायाने दारात तानूचे नाव पुकारले. तिच्या नावाने जन्मात कागद आला नव्हता. तिने घडी उघडली आणि वर पाहिले. तिथे काही नव्हते. बायकोच्या नावाने पत्र येते आणि त्यावर श्री नसते, याचा आमच्या घरात एकच अर्थ होतो. ती पंतोजींकडे कशाला जाईल? वाचण्यासारखे त्यात राहिले काय होते? आणि तुमचे पत्र बाहेर दाखवले असते तर पंचांनी मला धरले असते, एवढेही तिने त्या घडीला सांभाळले. विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले, कागद फाडून पाटात सोडला, आणि विहिरीच्या काठावर बांगड्या फोडल्या. तुम्ही काय लिहिले होते ते कोणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जातीच्या बायका आल्या. तीन वर्षांपूर्वी जे करायचे होते ते शेवटी केलेस, म्हणाल्या. पंक्तीत आता आमच्याकडे कोणी वाकडे पाहत नाही. मला जेवण जात नाही.

मी तिला सांगितले की तो जिवंत आहे, त्याचे दुसरे पत्र माझ्या हातात आहे. तुमचे पंचवीस तारखेचे वाचून दाखवले, चुलीचे, झोक्याचे, सगळे. तिने कागद मागितला. वर पाहिले. म्हणाली, यावरही नाही. तेव्हा मला खरे सांगण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मी म्हणालो, बाई, त्याच्या पत्रावर श्री कधीच नसायचे, मीच काढायचो. मला वाटले यावर तिचा विश्वास बसेल. तिने करंड्याखालचे सगळे कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, “मंग खालचं बी तुमीच लिहत असान, भाऊ. कवा गेले ते, खरं सांगा. तीन वर्सं झाले का?”

खुशालराव, मी देवाची शपथ घेतली, शकुनच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणते की भाऊ माझे मन राखायला खोटे बोलतो, आणि आता थकला म्हणून श्री काढणे सोडले. एका अक्षराची माझी चोरी, तिने सगळी पत्रेच माझ्या पदरात टाकली. दिवसाला अर्धी भाकरी खाते. शकुनलाही सांगितले आहे की बाप नाही.

तुमचे अक्षर ती ओळखते. झेंडूच्या पाकळ्यांचे श्री तुम्ही कसे काढायचात ते तिला पक्के ठाऊक आहे, खालची शेपटी तुम्ही लांब ओढता, मी ओढत नाही; माझ्या आखूड शेपटीला ती इतकी वर्षे बोरूचा दोष समजत आली. तुमच्या हातचे एकच अक्षर पाठवा. दुसरे काही लिहू नका. मी तुमच्या शपथेने बांधला गेलो आहे, नाहीतर आजच पुन्हा चोरी केली असती.

विनवणी आहे, रागे भरू नये.

जानराव

---

अकोला, तारीख १२ फेब्रुवारी सन १८६५

राजमान्य जानराव यांस सलाम.

पत्र पोचले. त्या कागदात मी तिला ये म्हणून लिहिले होते.

लगेच कोरा कागद घेतला, बोरू बुडवला. माझ्या हातांना त्या अक्षराचा वास लागलेला आहे, तीन महिन्यांत वीस हजार वेळा ते उठवले असेल. आणि तिच्यासाठी एक निघेना. दोनदा बोरू टेकवला, दोनदा उचलला. भीती पाद्रीसाहेबांची नाही. मला वाटले, तिला खोट्यावर पुन्हा उभी केली तर ती जन्मभर खोट्यावरच उभी राहील. आणि मग म्हटले, अक्षर कशाला? मी धडधाकट आहे. अक्षर पाहून जो विश्वास बसेल तो तोंड पाहून बसणार नाही का? मीच येतो. समोर उभा राहतो, तिला हाक मारतो, मग कोण म्हणेल मी मेलो म्हणून?

शेठजींकडे रजा मागितली. लढाई मिटणार अशा तारा मुंबईस येत आहेत, भाव रोज उतरतो आहे, आणि शेठजींना असतील नसतील तेवढ्या गाठी आगगाडी जिथवर आली आहे तिथवर पोचवायच्या आहेत. एकवीस तारखेला सोडतो म्हणाले. चोवीसला मी तुमच्या अंगणात असेन. एवढे दिवस गेले, आणखी दहा दिवसांनी काय होते?

तिला सांगा की तो स्वतः येतो आहे. पंचांना कळले तर कळू दे. सोबत हिरव्या बांगड्या आणतो आहे, माप मला आठवते.

भेटीपर्यंत तिला सांभाळावे, एवढेच मागणे.

खुशालराव

---

अमरावती, फाल्गुन शुद्ध ३ शके १७८६

राजश्री खुशालराव यांस जानराव याचा नमस्कार.

वर श्री घातलेले नाही. तानूचे दिवस मीच धरले आहेत, तेरावा व्हायचा आहे. तुमच्या आणि माझ्या पत्रांत आता फरक राहिला नाही.

तुम्ही आलात त्या दिवशी घटका दोन घटका बसून उठून गेलात. म्हणून राहिलेले लिहितो. तुमचे बारा तारखेचे पत्र मी तिला वाचून दाखवले होते. तो स्वतः येतो आहे, बांगड्या आणतो आहे, असे सांगितले. तिने कागद हातात घेतला, वर पाहिले, आणि घडी करून मला परत दिला. म्हणाली, “भाऊ, आता पुरे करा.” ती रागावली नव्हती. माझीच समजूत काढावी तशी बोलली.

चौथ्या दिवशी पटकी लागली. छावणीतून माझ्याच गाड्यांबरोबर ती गावात आली असे लोक म्हणतात, आणि मी नाही म्हणू शकत नाही. महिनाभर अर्ध्या भाकरीवर राहिलेल्या अंगात लढायला काही नव्हते. सकाळी लागली आणि दिवे लागायच्या आत संपली. माघ वद्य नवमी. तुम्ही त्यानंतर चार दिवसांनी आलात.

तिला नेताना मी हिरवे लुगडे काढले. पंच म्हणाले की बाई विधवा आहे, तिने स्वतः बांगड्या फोडल्या आहेत. मी म्हणालो, तिचा नवरा अकोल्याहून निघाला आहे, आज ना उद्या पोचेल. त्यांनी ऐकले नाही. तेव्हा मी माझ्या हाताने तिच्या कपाळाला कुंकू लावले. पंच उठून गेले. खांद्याला दोन गडी, मी आणि शेजारचा बोहरी मिळून चौघे झालो. आता आमचे पाणी बंद आहे, तुमच्या माझ्यात तोही फरक राहिलेला नाही.

मी तुम्हाला दोष देत बसणार नाही. श्री मी काढले होते, शपथ तुम्ही घातली होती, आणि गाड्या माझ्या होत्या. कोणाचे किती, हे ठरवून ती उठून बसणार नाही.

पण शकुनचे लिहिलेच पाहिजे. त्या दिवशी तुम्हाला पाहून ती किंचाळत कोठीत शिरली ते तुम्ही पाहिलेत. तुम्ही घागर पुढे ओढून त्यावर ‘धा दिं ता किट’ वाजवू लागलात, मला वाटले आता येईल. ती आणखीच ओरडू लागली. तुम्ही गेल्यावर तिने कारण सांगितले. मेलेला बाप आला होता, आणि त्याला आमचा खेळसुद्धा माहीत होता. आईला नेऊन भागले नाही म्हणून आता मला न्यायला आला, असे तिचे म्हणणे. पार्बताने तिला उगी करायला सांगितले की भुताला सगळे येते, फक्त श्री काढता येत नाही. तेव्हापासून पोर एकच धरून बसली आहे, “त्याईनं श्री काढलं असतं त मी गेली असती जवळ.” रोज दाराशी जाऊन अंगणातली माती पाहते. तुम्ही जिथे बसला होता तिथे काही काढून गेलात का, ते शोधते.

मी तिला काहीही काढून दाखवू शकत नाही. माझे श्री या घरात आता चालत नाही.

पुढे काय लिहावे ते सुचत नाही. आपण होऊन समजावे.

जानराव

---

श्री

अकोला, तारीख ६ मार्च सन १८६५

चिरंजीव शकुन हीस बापाचा आशीर्वाद.

हे मामा वाचत आहेत. पण तू आधी कागद हातात घे आणि वर पाहा. मामांना तू त्यांच्याजवळचे एक श्री काढायला सांग आणि शेजारी धरून पाहा. त्यांची शेपटी आखूड आहे, माझी लांब आहे. तुझ्या आईला मी झेंडूच्या पाकळ्यांनी असेच काढून दाखवले होते. तू तेव्हा झाली नव्हतीस.

मी भूत नाही. मी अकोल्यास असतो, वखारीत काम करतो, माझे हात काळे असतात ते रंगाने. तुला भीती वाटली यात तुझी चूक नाही. मी अंगणात आलो तेव्हा आधी मातीत बोटाने हे काढायला हवे होते आणि मग हाक मारायला हवी होती. मी घागर वाजवत बसलो. पुन्हा येईन तेव्हा आधी दाराबाहेर काढीन, तू पाहून घे, आणि तुला बरे वाटले तर ये. नाही वाटले तर मी बाहेरच बसेन.

इथल्या साहेबांना मी आज सकाळी सांगितले की मी हे अक्षर लिहिणार आहे. त्यांनी हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाले की मृदंग काही दिवस घरीच ठेवा. ठेवला आहे. मी जो धर्म घेतला तो माझा आहे, तो मी सोडलेला नाही, हेही तू मोठी झालीस की तुला सांगीन. आज एवढेच सांगतो की तुझा बाप जिवंत आहे.

आईने एक पत्र फाडून पाटात सोडले, त्यात काय होते ते तुला कळायला हवे. घर मिळाले आहे, दोन खणांचे. विहीर जवळ आहे, पाणी गोड आहे. शकुनला घेऊन ये. एवढेच होते. आईला ते कोणी वाचून दाखवले नाही, म्हणून तुला सांगितले.

श्रीमध्ये जो श आहे तोच तुझ्या नावाच्या सुरुवातीला आहे. मामांना विचार, ते दाखवतील. पुढच्या पत्रात मी त्याच्यापुढचे अक्षर काढीन, मग त्याच्या पुढचे. तुझ्या आईला मी एकच शिकवले होते.

तुझ्या पाठीवर हात आहे असे समज. आणि हे पत्र फाडू नकोस.

तुझा बाप
खुशाल